पुढ्यातली जाळी

६ मे

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही माझ्या रागावर अवलंबून नसतात. राग मात्र आहे. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

काल पोस्टमन आला. पाकीट जाडजूड, अक्षर तुझं, नाव तुझ्या बायकोचं. खिडकीशी बसून तिने सगळी पानं वाचली. मधूनच हसली, एकदा तोंडावर हात ठेवला, आणि शेवटी आत येऊन मला म्हणाली, "ताई, तुम्हाला नमस्कार सांगितलाय." नमस्कार! तुला नाक पुसायला मी शिकवलं, शाळेत पहिल्या दिवशी रडत असताना ओढत नेलं मी, आणि माझ्या वाट्याला शेवटच्या पानाच्या तळाचा एक नमस्कार, तोही दुसऱ्याच्या तोंडून. नमस्कार मला शिंपीकाकाही रोज करतात.

लग्न तिकडे बंदरावर उरकलंस आणि आम्हाला मागाहून कळवलंस. तेही गिळलं. मग लिहिलंस की क्रेनवाल्यांच्या खोलीत माणसं दाटीवाटीने झोपतात, बायकोला कुठे ठेवू, थोडे दिवस तुमच्याकडे राहील. राहू दे म्हटलं. थोडे म्हणजे किती, ते विचारायचं तेवढं राहून गेलं.

तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. असं म्हटलं की पुढे तक्रारच येते, हे तुला माहीत आहे. ती माझ्या आधी उठते. आईचा गुडघा चोळते. मी चोळला की आई "अगं हळू, जीव घेशील" म्हणून ओरडते, आणि हिने चोळला की डोळे मिटून पडून राहते. तोच गुडघा, तेच तेल. आई तिला "पोरी" म्हणते. मला शेवटचं पोरी कधी म्हणाली ते तिलाही आठवायचं नाही.

घरातलं घरात ठीक होतं रे. आता ती वर डोंगराच्या माथ्यावर आली आहे.

तू गेलास तेव्हा वर मोजक्या जाळ्या होत्या. आता कड्यापर्यंत रांग झाली आहे. पाऊस आपल्याकडे ऐकीव गोष्ट, विहिरी खणून खणून लोक थकले. पण समुद्रावरचं धुकं पहाटे डोंगर चढून येतं, जाळीवर अडतं, थेंब थेंब खाली पन्हळीत उतरतं आणि नळीने टाकीत जातं. त्यावर अख्खी वस्ती जगते. पहिली जाळी उभी केली तेव्हा दोरी मी धरली होती, आणि तेव्हापासून माथा माझ्याकडे आहे. कुठला खांब कधी कलतो, कुठली पन्हळ कुठे गळते, हे मला विचारतात. मला दुसरं आहे काय? नवरा नाही, पोरंबाळं नाहीत, तू होतास तो गेलास.

तर टोकाचे दोन खांब रिकामे होते, खालच्या आळीच्या टाकीचे. पाणी मंडळाने ते तुझ्या बायकोला दिले. मला विचारलं, पण ठरवून झाल्यावर. तिने तिथे जी जाळी लावली ती बघायला तू हवा होतास. माझ्या जाळ्या कशा असतात, टिचकी मारली तर वाजतील अशा ताठ. हिची मधोमध पोट सुटल्यासारखी सैल, आणि वर कापड दुहेरी घेतलेलं. तिच्या माहेरी मच्छरदाण्या शिवतात हे तू मला कधी सांगितलं नाहीस, पण जाळी बघून मी ओळखलं. म्हटलं, "अगं, इथे डास नाहीत." सगळे हसले. ती पण हसली, अगदी मनापासून. त्याचाच जास्त राग आला.

आईला म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. आई म्हणाली, "दहाव्या दिवशी बोलू."

ताई


२४ मे

धाकट्या,

दहावा दिवस येऊन गेला. आई बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

खालच्या आळीची टाकी भरून वाहते आहे. वाहते! आपल्या वस्तीत पाणी वाया गेलं म्हणून कुणाला हळहळताना तू ऐकलं आहेस का? परवा ऐकलं मी. बायका घाईघाईने हंडे, पातेली, मुलांच्या आंघोळीचं टप, काय हाती लागेल ते घेऊन धावत होत्या, आणि मधे तुझी बायको उभी, ओलीचिंब, केस कपाळाला चिकटलेले, लहान मुलीसारखी खिदळत.

आता रोज कुणी ना कुणी ती जाळी बघायला वर चढतं. ज्यांनी उभ्या आयुष्यात माथ्याकडे मान वर केली नाही, ते दम खात येतात, कापड बोटांनी चाचपतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात. शिंपीकाका मंडळाचे अध्यक्ष, कापडातलं आपल्यालाच कळतं अशी त्यांची समजूत. मला म्हणतात, "ताई, तुमच्या जाळ्याही अशा थोड्या सैल करून बघायच्या का?" मी म्हटलं, "काका, तुमच्या विजारी आधी घट्ट करून बघा." हसले, पण प्रश्न मागे घेतला नाही.

कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

कुणी नसताना मी एकदा जवळ जाऊन बघितलं. दोन पदर वाऱ्याने एकमेकांवर घासतात, त्यामुळे थेंब चिकटून बसत नाही, सुटतो आणि खाली पळतो. माझ्या ताठ जाळीवर थेंब छान मोत्यासारखे बसून राहतात, आणि ऊन चढलं की तिथल्या तिथे उडून जातात. इतकी वर्षं मी ते मोती बघून खूश होत होते. हे मी कुणाला बोललेले नाही. तुलाही लिहिणार नव्हते.

तिने मला विचारलं, "ताई, तुमची एक जाळी दुपदरी करून देऊ?" मी म्हटलं, माझ्या जाळ्यांना काही दुखणं नाही. ती गप्प बसली. गप्प बसली तरी वाईट दिसत नाही ती, हे एक आणखी.

आळीत म्हणतात, मी तुझ्या बायकोला पाण्यात पाहते. पाहायला तेवढं पाणी असतं तर जाळ्या कशाला लावल्या असत्या?

तर मुद्द्याचं. तिला बोलावून घे. नवरा-बायकोने असं वेगळं राहणं बरं दिसत नाही. तुझी जेवणाची आबाळ होत असेल. मी तुझ्या भल्यासाठी म्हणते आहे, माझं काय.

ताई


११ जून

धाकट्या,

तुझ्या कानावर गेलंच असेल. तिने लिहिलं असेल. म्हणून माझं मी सांगते.

माथ्यावर नियम पुष्कळ आहेत, पण मोठा एकच: कुणाच्या पुढ्यात जाळी लावायची नाही. वारा समुद्राकडून येतो. जी जाळी पुढे ती धुकं आधी पिते, मागचीला उष्टं मिळतं. हा नियम मीच केलेला. पावाच्या भट्टीवाल्याने तो मोडला तेव्हा त्याची जाळी मी माझ्या हाताने उतरवली आणि भर चौकात त्याच्या अंगावर टाकली. अजून तो मला बघितलं की रस्ता ओलांडतो.

झालं असं की माझ्या जुन्या जाळीचे खांब हलवायला आले होते. तिथली जमीन भुसभुशीत झाली होती. थोडी झाली होती. नवी जागा शोधता शोधता उताराच्या टोकाशी एक चांगली सापडली, कठीण, खडकाळ, खांबाला पाहिजे तशी. तिच्या मागे तुझ्या बायकोची जाळी येते, हा त्या जागेचा दोष. आणि अगदी पुढ्यात नाही, जराशी तिरकी आहे.

माथ्यावर एक वाईट आहे, लपून काही राहत नाही. जाळीखालची जमीन ओली की कोरडी, एवढं शेंबडं पोरही वाचतं. तुझ्या बायकोच्या जाळीखाली धूळ उडायला लागली. टाकी उतरली. त्याच हंडे-पातेल्यांच्या बायका आपल्या दारात यायला लागल्या, बाळंतीण असलेल्या घरची म्हातारी तर दिवसातून दोनदा. मी कुणाला नाही म्हटलं नाही. वरपर्यंत भरून दिलं. सगळ्या म्हणाल्या ताईंचा हात मोठा. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

मग मंडळाची बैठक झाली. शिंपीकाका माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाले, "ती पुढची जाळी..." माझं उत्तर तयार होतं, जमिनीचं. तेवढ्यात तुझी बायको उठली. म्हणाली, "काका, मीच ताईंना म्हटलं होतं. माझी जाळी सैल, वाऱ्याचे दिवस तोंडावर आलेत, पहिल्याच झटक्यात फाटेल. म्हणून ताईंनी स्वतःची जाळी आडोशाला पुढे आणून लावली. वारा सरला की काढतील. तोवर पाणी कमी पडतंय ते माझ्यामुळे."

मग शिंपीकाका म्हणाले, "ताई, याला म्हणतात मोठं मन." आणि लोकांनी माना डोलावल्या. भट्टीवाल्यानेसुद्धा!

माझ्या अंगाचा कसा तिळपापड झाला ते तुला सांगून कळायचं नाही. सगळ्यांसमोर खोटं बोलली, आणि किती सफाईने! एकदा डोळा लवला नाही. अशी बाई तुझ्या घरात आहे, जपून राहा. चोरी पकडून दिली असती तर मी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. पण तिने मला झाकलं. माझ्यावर उपकार केला, माझ्याच माथ्यावर, माझ्याहून लहान असून.

घरी येताना मी तिला विचारलं, "मी हो कधी म्हटलं होतं?"

"नव्हतं म्हटलंत."

"मग?"

"मी विचारलं असतं तर हो म्हणाला असतात."

आणि आता ती जाळी मला काढताही येत नाही. आडोसा म्हणून जाहीर झाली ना ती, वारा सरेपर्यंत ठेवणं आलं.

बोलावून घे तिला. मागच्या वेळी सुचवलं होतं, आता सांगते आहे. एका घरात आम्ही दोघी मावत नाही.

ताई


३० जून

धाकट्या,

वारा येऊन गेला. आपलं छप्पर शाबूत आहे, आई शाबूत आहे. माझी पुढची जाळी वरपासून खालपर्यंत फाटली.

ताठ होती ना. ताठ कापडाला वाकता येत नाही, ते टराटरा जातं. मागची, पोट सुटलेली, नुसती हेलकावे खात राहिली, एक टाका उसवला नाही. मी म्हणते माझ्या आडोशाने वाचली. तुझी बायको म्हणते, "आडोशाने तर वाचलीच, पण सैल होती म्हणूनही." हे भांडण अजून मिटलेलं नाही. रोज थोडं थोडं चालवतो.

वस्तीत मात्र भलतंच पसरलं आहे. ताईंनी पोरीच्या जाळीसाठी आपली जाळी दिली, असं लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पहिल्या दिवशी मी नाही म्हणणार होते. दुसऱ्या दिवशी वेळ मिळाला नाही. आता फार उशीर झाला.

फाटलेली जाळी अंगणात पसरून आम्ही शिवायला बसतो. आई खुर्चीतून दोघींच्या चुका काढते. मच्छरदाणीच्या काठाला एक टाका असतो, तो ओढ लागली की आवळत नाही, सरकतो. तिने मला दाखवला. तीनदा दाखवावा लागला, पण "कळलं का" असं एकदाही विचारलं नाही तिने. मी तिला तणाव्याची गाठ शिकवते, खांबाला ओढून धरणाऱ्या दोरीची. ती तिला येत नाही. अजिबात येत नाही! पाचही बोटं एकमेकांत गुंततात. तिला एक तरी गोष्ट जमत नाही हे बघून मी दोन दिवस गाणं गुणगुणत होते, आईने विचारलंसुद्धा, बरी आहेस ना म्हणून.

शिवताना ती तुझ्याबद्दल बोलते. दातात दोरा धरून बोलते, अर्धं कळतं. लहानपणी तू अंधाराला घाबरायचास, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले, तर तिला माहीत होतं. तू अजून दिवा लावून झोपतोस, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तुझी भीती सांभाळायचं काम मी सुरू केलं आणि ती पुढे चालवते आहे, मला न कळवता. मग मी तिला असं एक सांगितलं जे तिला ठाऊक नव्हतं. ती इतकी हसली की सुई बोटात गेली. काय सांगितलं ते तुला कळणार नाही. तुमच्या दोघांचं एवढं असतं, आमच्या दोघींचं हे असू दे.

जाळी पुन्हा जुन्या जागी लावली आहे. जमीन तिथली आता घट्ट झाली आहे, होते कधी कधी. दुपदरी शिवली आहे. इतकी फाटली होती की दुसरं कापड लावणं भागच होतं. पाणी बरं येतं. फारच बरं येतं.

मागच्या पत्रांतलं मनावर घेऊ नकोस. तू नाहीतरी माझं लिहिलेलं कधी मनावर घेत नाहीस, हे एक त्यात बरं आहे.

ताई


१२ जुलै

धाकट्या,

पत्र मिळालं. माझ्या नावाचं. दोन ओळींचं. "ताई, तुझं ऐकलं. खोली मिळाली आहे, महिनाअखेर तिला पाठव."

जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस. अभ्यास कर म्हटलं, ऐकलं नाहीस. बंदरावर जाऊ नकोस म्हटलं, ऐकलं नाहीस. आणि ऐकलंस ते हे!

खोली कशी आहे ते लिहिलेलं नाही. खिडकी आहे का? कुठल्या बाजूला? कोंदट खोलीत तिला झोप येत नाही, पहाटे हवा अंगावर आली पाहिजे. शिवाय हे धुक्याचे ऐन दिवस आहेत, खालच्या आळीची जाळी मधेच कुणाच्या हवाली करायची? आईच्या गुडघ्याचं तुला काहीच नाही. महिनाअखेर हा काय मुहूर्त झाला, दोन-तीन महिने थांबायला काय हरकत होती? इतके दिवस थांबलासच ना, तेव्हा नव्हती घाई.

तिच्या नावाचं पाकीट वेगळं होतं. पोस्टमनकडून मी घेतलं. दिलं तिला, अगदी लगेच नाही, जेवणं झाल्यावर दिलं. म्हटलं पोटभर जेवू दे, मग रडेल.

ती रडली नाही. वाचलं, उठली, आणि स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत दोन फेऱ्या मारल्या पळत. आईला मिठी मारली. मग मला मारली, माझे हात भांड्याच्या राखेने भरलेले होते तरी. म्हणाली, "ताई, खोली मिळाली!" जणू मी तिच्या बाजूने नवस बोलले होते. बोललेच होते म्हणा, दोन पत्रांतून.

थोडी तरी रडेल असं वाटलं होतं रे. इकडे जाळी आहे, आई आहे. मी आहे.

आजवर तुझ्यामुळे तिचा मत्सर वाटायचा. आता तिच्यामुळे तुझा वाटतो. सवय नाही याची, जड जातं. तू माझ्या पाठचा, तुझ्यावर असं जळायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण तुझं पत्र आलं की तिचा चेहरा जसा होतो तसा माझ्यामुळे एकदाही झालेला नाही, आणि गेले काही दिवस मी बघते आहे, होतो का म्हणून.

पाठवते. पाठवणार नाही असं मी कुठे म्हटलं?

ताई


२९ जुलै

धाकट्या,

हे पत्र तिच्याच हाती देते आहे, चिकटवून. ती उघडणार नाही. मी उघडलं असतं.

आज सकाळी ती जाळीचा निरोप घ्यायला वर गेली. मी जाणार नव्हते, गेले. नेमकं आज धुकं आलंच नाही. जाळ्या कोरड्या ठक्क, खाली समुद्र लखलखीत. तरी तिने एकेका खांबाचा तणावा ओढून बघितला, मी शिकवलं तसा. शेवटच्या खांबाला तिने बांधलेली गाठ चुकीची होती. वाऱ्यात सुटणार, मला दिसत होतं. सोडून नीट बांधायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. राहू दे. सुटेल तेव्हा बघू.

खाली खालच्या आळीतल्या बायका जमल्या होत्या. ती प्रत्येकीला भेटली आणि तिथे मात्र रडली. मला आधी बरं वाटलं, मग वाटलं, त्यांच्यासाठी रडली आणि माझ्यासाठी नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तू म्हणशील. म्हण.

आता नीट वाच. ती उठते तेव्हा दार उघडून हाताची पालथी बाजू हवेत धरते, ओल किती ते बघायला. हसू नकोस. विचार, "किती आहे?" ती सांगेल, आणि ते बरोबर असतं. थकली की बोलत नाही, तेव्हा रागावली असं समजून तूही गप्प बसू नकोस, मी सुरुवातीला तेच केलं. आणि तिला माझ्यासमोर कुणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत, तू ठेवलेलीही नाहीत. तिला नावं ठेवायचा अधिकार मी एकटीने कमावला आहे.

तिला निघताना मी नुसतं जा म्हणेन.

ती तिकडे गेल्यावर माझी आठवण काढेल की नाही, मला ठाऊक नाही. काढली तर ऐकून घे, कंटाळा आला तरी घे. आणि नाहीच काढली, तर तू काढ. तिच्यासमोर, मोठ्याने, काहीतरी निमित्त करून. मग ती काय म्हणाली ते मला लिही, जसंच्या तसं. तुझ्या पदरचं त्यात काही घालू नकोस.

ताई